ताई, तू सहीनिशी लिहिलेलं पत्र

ताई,

तुझं पुण्यानुमोदन होऊन तीन आठवडे झाले. बौद्धाचार्यांनी वंदना घेतली, मग तुझ्याबद्दल बोलायला एकेक जण उठला. कारखान्यातल्या बायका म्हणाल्या, सुनंदा कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात. खालच्या मजल्यावरचे मेहताकाका अर्ध्या हिंदीत, अर्ध्या गुजरातीत सांगत होते की नळाला पाणी नसायचं तेव्हा त्यांच्या म्हाताऱ्या आईला तू टँकरचं पाणी वर आणून द्यायचीस. माझं नाव पुकारलं तेव्हा मी हात जोडले आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, भाऊ आहे, गळा भरून आला असेल. गळा भरला नव्हता. मला जे बोलायचं होतं ते त्या मांडवात बोलण्यासारखं नव्हतं. बाबा भिंतीला टेकून बसले होते. त्यांना कुणी बोलायला सांगितलंच नाही.

तुझ्याशी बोलायला मला कधी अडचण नव्हती. निदान त्या पत्राआधी.

आपण माझगावची खोली सोडून भाईंदरला आलो तेव्हा मी नववीत होतो. मागच्या खिडकीतून मिठागरं दिसायची. तू दहावीनंतर शाळा सोडली होतीस आणि पश्चिमेला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे कामाला लागली होतीस. नंबर लावायचे, डोळ्यांत थेंब घालायचे, अक्षरांचा तक्ता वाचून घ्यायचा. मी विज्ञानाला जावं हे तूच ठरवलंस. बोटीवर जावं हे बाबांनी.

बाबांचं कारण साधं होतं. ते गोदीतल्या लाँचवर खलाशी होते. बाहेर नांगरलेल्या जहाजांवर अधिकाऱ्यांना सोडायचं काम. लाँच जहाजाला लागली की बाबा दोराची शिडी धरून उभे राहायचे आणि वर चढणाऱ्यांचे बूट त्यांच्या तोंडासमोरून जायचे. मी बारावीला होतो तेव्हा एकदा जेवताना ते म्हणाले, "त्यात एक दिवस तुझे बूट बघायचेत." बाबा असं कधी बोलत नसत. आई हसली. तू हसली नाहीस, माझ्याकडे बघत राहिलीस. मलाही तेव्हाच कळलं की हे आता गमतीत राहिलेलं नाही.

जहाज कंपनीची लेखी परीक्षा झाली, मुलाखत झाली. डेक कॅडेट म्हणून माझं नाव लागलं. तीन वर्षं बोटीवर उमेदवारी, मग सेकंड मेटची परीक्षा, मग अधिकारी. बाबांनी बिल्डिंगच्या तिन्ही मजल्यांवर पेढे वाटले. फक्त डॉक्टरी तपासणी बाकी होती.

तू दवाखान्यातून रंगांच्या तपासणीचं ते ठिपक्यांचं पुस्तक घरी आणलंस ते माझी भीती घालवायला. म्हणालीस, बघून ठेव म्हणजे तिथे बावचळणार नाहीस. मधलंच एक पान उघडलंस आणि विचारलंस, कुठला आकडा? मी म्हटलं, आकडा कुठे आहे? तुला वाटलं मी चेष्टा करतोय. पाचव्या पानापर्यंत तुझा चेहरा उतरला होता. मग तू उठलीस आणि स्वयंपाकघरातून एक पिकलेला आणि एक कच्चा टोमॅटो आणून माझ्यासमोर ठेवलास. बाजारातून मी नेहमी कच्चे टोमॅटो आणायचो, आई मला धांदरट म्हणायची. तू दोन्ही टोमॅटो उचलून आत ठेवलेस. नंतर म्हणालीस, "बाबांना सांगायचं नाही."

त्यानंतरच्या संध्याकाळी मी विसरलेलो नाही. गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला आपण बसायचो. आकडा मला दिसत नव्हता, पण ठिपके दिसत होते. डावीकडे काठाला तीन मोठे ठिपके चिकटलेले, तर चौऱ्याहत्तर. वर मधोमध एक ठिपका तुटक, तर सहा. तू पानांचे नंबर कागद लावून झाकायचीस, पुस्तक उलटसुलट करून विचारायचीस. चुकलो की माझ्या डोक्यात टपली मारायचीस. पंधरा दिवसांत मी एकही पान चुकेनासा झालो. तपासणीच्या दिवशी तू रजा टाकून माझ्यासोबत फोर्टला आलीस आणि खाली फुटपाथवर उभी राहिलीस. मी बाहेर येऊन अंगठा दाखवला तेव्हा तू तिथल्या तिथे खाली बसलीस.

मी तुझे आभार मानले नाहीत. आपल्यात तशी पद्धत नव्हती.

जहाजावरची पहिली दोन वर्षं तुला पत्रांतून माहीत आहेत. गंज ठोकून काढणं, रंग लावणं, मालाची भुयारं झाडणं. रंग लावताना डबा उचलायच्या आधी मी झाकणावरचं नाव वाचायचो. तुझं प्रत्येक पत्र एकाच प्रश्नानं संपायचं, दिव्यांचं काय करतोस? मी लिहायचो की सरावानं जमतंय. खरं म्हणजे जमत नव्हतं. लाल आणि हिरवा, दोन्ही दिवे मला लांबून मळकट पिवळे दिसायचे. दुसरं जहाज कुठल्या बाजूला सरकतंय ते बघून मी रंग ठरवायचो. बहुतेक वेळा बरोबर यायचा.

एकदा आला नाही.

तिसऱ्या वर्षी आमचं जहाज कांडल्याहून मुंबईला येत होतं. संध्याकाळची वेळ, सूर्य नुकताच बुडालेला. मी चीफ ऑफिसरच्या हाताखाली ब्रिजवर, सुकाणूच्या खोलीबाहेर, पहाऱ्याला होतो. ते आत नकाशावर जागा काढत होते. आमच्या उजव्या हाताला पुढे एक मच्छीमार होडी दिसली, तिचा दिवा लागलेला. बोटीला डावीकडे लाल दिवा असतो आणि उजवीकडे हिरवा, हे तुला मीच शिकवलं होतं. उजव्या हाताच्या होडीचा हिरवा दिसला तर ती बाहेरून निघून जाते. लाल दिसला तर ती आपल्या वाटेत येतेय, आपण वळायचं. आतून चीफनं विचारलं, कोणता? मी म्हटलं, हिरवा.

ते आतच राहिले. थोड्या वेळानं बाहेर आले तेव्हा होडी आमच्या नाकासमोर होती. "रेड है. ग्रीन बोला था तूने," एवढं म्हणून ते सुकाणूवाल्याकडे धावले. जहाज वळायला वेळ लागतो. होडी आमच्या पुढच्या भागाखाली गेली आणि दिसेनाशी झाली. मग बाजूनं, अगदी जवळून, मागे आली. उलटलेली नव्हती, पण दिवा विझला होता. ताई, पुढे जाताना होडीत तीन माणसं होती. एक जण काठाला हात धरून उभा होता. मागे आली तेव्हा मला दोनच दिसली.

मी चीफना सांगितलं. त्यांनी दुर्बीण लावली, पण अंधारून आलं होतं. म्हणाले, बैठ गया होगा. जहाज थांबलं नाही. जहाजाच्या नोंदवहीत काही लिहिलं गेलं नाही. जेवणाच्या वेळी ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले की तू दमलायस, झोप काढ. त्यांना वाटलं मी दमलो म्हणून चुकलो. मी ते तसंच राहू दिलं.

सुट्टीवर घरी आलो तेव्हा मला हे कुणालातरी सांगायचं होतं, आणि सांगायचं नव्हतंही. म्हणून मी तुला ते फुशारकीसारखं सांगितलं. होडी कशी मध्ये घुसली, आम्ही कसे थोडक्यात निसटलो. तू भाजी निवडत होतीस. मान वर न करता विचारलंस, "तू कुठला रंग सांगितलास?"

मी म्हटलं, "लाल."

पुढच्या रविवारी तू मला बसनं किनाऱ्यावरच्या चौक गावाला घेऊन गेलीस. सुके बोंबील घ्यायचे म्हणालीस. संध्याकाळी आपण किनाऱ्यावर बसलो. मोठ्या होड्या परतत होत्या, दिवे लागले होते. तू सहज विचारल्यासारखं विचारत गेलीस, हा कुठला, तो कुठला? तू काय करतेयस ते मला समजलं होतं, पण उठून जाणं म्हणजे कबूल करणं होतं. तिसऱ्या होडीला मी हिरवा म्हटलं. मागे दोऱ्या गुंडाळत बसलेला एक कोळी न विचारता म्हणाला, "हिरवा न्हाय रे पोरा, तांबडा हाय." तू उठलीस, वाळू झटकलीस. परतीच्या बसमध्ये बोंबलांची पिशवी मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत बसलीस.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी कंपनीनं मला बोलावलं. टेबलावर तुझं पत्र होतं. मोडक्यातोडक्या इंग्रजीत, दवाखान्यातल्या चिठ्ठ्यांवर असायचं त्या अक्षरात. खाली तुझं पूर्ण नाव आणि सही. निनावी लिहिता आलं असतं, तू ते केलं नाहीस. माझ्या भावाला लाल-हिरवा ओळखता येत नाही, त्याला पुन्हा तपासा, असं लिहिलं होतं. आणि पुढे, यात त्याचा दोष नाही, पुस्तक मी आणलं, पाठ मी करून घेतलं. मला अंधाऱ्या खोलीत बसवून दिवे दाखवले. ठिपके पाठ करता येतात, दिवे येत नाहीत. तासाभरात माझी तीन वर्षं संपली.

घरी काय झालं ते तुला माहीत आहे. पण त्यात मी काय केलं ते मला लिहायचंय. बाबांनी तुला विचारलं, तुझा हात कसा धजला? तू म्हणालीस, त्याला रंग दिसत नाहीत, बाबा. ते म्हणाले, "तीन वर्षं चालला ना बोटीवर? काय बुडालं?" तू माझ्याकडे वळलीस. तू वाट बघत होतीस. आई दारात उभी होती. मी एक वाक्य बोललो असतो तर सगळं तिथेच मिटलं असतं. मी फरशीकडे बघून म्हणालो, "काही झालं नव्हतं."

बाबांनी तुला शिवी दिली नाही, घराबाहेर काढलं नाही. ते फक्त तुझ्याशी बोलायचे थांबले. तू ताट वाढलंस की ते जेवायचे, पण मीठ हवं असलं तर आईला सांगायचे. तुझ्या डॉक्टरांच्या कानावर पुस्तकाची गोष्ट गेली आणि त्यांनी तुला येऊ नको म्हणून सांगितलं. मग तू पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॅकिंगला लागलीस. पलीकडेच पॉलिशची मशिनं, दिवसभर काळी धूळ. पाचसहा महिन्यांनी काशीमीराला खोली घेतलीस. आईला म्हणालीस की कारखान्याला जवळ पडतं. जवळ पडत नव्हतं.

मी दीड वर्ष घरात पडून होतो. माझ्याबद्दल सगळ्यांना हळहळ वाटायची आणि मी ती घेत होतो. बाबा पाहुण्यांना सांगायचे, पोरगा ऑफिसर झालाच होता, घरातल्याच माणसानं पाय ओढला. मी तिथेच बसलेला असायचो. नंतर हायवेवरच्या एका गोदामात मला काम मिळालं, माल उतरवून घ्यायचं आणि लावायचं. तिथल्या मुकादमाला तूच सांगून ठेवलं होतंस, भाऊ जहाजावर होता, मालाचं त्याला समजतं, असं. हे मला दोन वर्षांनी समजलं. तुझी खोली गोदामापासून दहा मिनिटांवर होती. मी त्या गल्लीच्या तोंडावरून रोज जायचो. आत किती वेळा आलो ते एका हाताच्या बोटांवर मोजता येईल.

आलो तेव्हा आपण भांडलोच. तू एकदा म्हणालीस, माझ्यावर रागाव, पण बाबांना समजाव. मी म्हटलं, तुला काय अधिकार होता? तू म्हणालीस, "पुस्तक मी आणलं होतं ना." एवढंच तुझं म्हणणं होतं, दर वेळी. मला वाटायचं हे काही उत्तर नाही. तू चहा केलास तो मी अर्धा टाकून निघालो. तुझा खोकला तेव्हाच सुरू झाला होता.

आधी टीबी म्हणाले, मग नाही म्हणाले. शेवटी सांगितलं, फुप्फुसं कामातून गेलीत. सरकारी दवाखान्यात तू एकोणीस दिवस होतीस. आई वर तुझ्याजवळ. बाबा रोज यायचे आणि खाली बाकावर बसायचे. जिना चढायचे नाहीत. आई त्यांना म्हणाली, एकदा तोंड दाखवा. ते म्हणाले, तिला बरं वाटू दे, मग बघू.

तुझ्या शेवटच्या दुपारी मी एकटा होतो. आई डबा धुवायला गेली होती. तू तोंडावरचा मास्क बाजूला केलास आणि विचारलंस, बाबा खाली आहेत का? मी हो म्हटलं. मग दम घेऊन म्हणालीस, "त्या होडीच्या वेळी तू लालच म्हणाला होतास ना?"

मी म्हटलं, "हो."

"मग मी उगीच..." एवढंच बोललीस आणि खोकला आला. मी मास्क परत लावला, तुझा हात धरला. पुढचे शब्द मला माहीत होते. पाच वर्षं तू ते वागवत होतीस, की आपण भावाला उगीच बुडवलं, बापाला उगीच तोडलं. तुझा हात माझ्या हातात होता आणि खरं सांगायला मला एक शब्द लागणार होता. तो मी बोललो नाही. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. बहुतेक इतकी वर्षं तुझ्यावर रागावून मी जगलो होतो आणि तो राग काढून घेतला तर माझ्याकडे काही उरत नव्हतं. संध्याकाळी पाचला तू गेलीस. बाबा जिना चढून आले तेव्हा वॉर्डबॉय तुझ्यावर चादर ओढत होता.

पुण्यानुमोदनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाबांना सगळं सांगितलं. त्यांच्या पुढ्यात चहा होता. तो त्यांनी घेतला नाही. मी बोलत होतो तोवर ते माझ्याकडे बघत होते. संपल्यावर त्यांनी तुझ्याबद्दल विचारलं नाही, माझ्या नोकरीबद्दल विचारलं नाही. म्हणाले, "होडीत किती माणसं होती?"

"तीन."

"मागे आली तेव्हा?"

"दोन दिसली."

त्यांनी डोळे मिटून घेतले. ताई, सगळी हयात त्यांनी लाँचवरून मोठ्या जहाजांकडे खालून वर बघण्यात घालवली. ती होडी कशी गेली असेल ते मला सांगावं लागलं नाही. मग त्यांनी विचारलं, "ती जिवंत असताना का नाही बोललास?"

मी म्हटलं, "तुम्ही माझ्याशी बोलायचे थांबला असता."

"हो," ते म्हणाले. "थांबलो असतो."

मग ते थांबले. आता आईच्या तोंडून मला निरोप येतात. त्याच दिवशी दुपारी ते एकटे काशीमीराला गेले आणि तुझ्या खोलीवर संध्याकाळपर्यंत बसून राहिले. घरमालकीण आईला सांगत होती, त्यांनी तुझी भांडी घासून पालथी घातली. त्यानंतर एकदाच, मी कामावर निघालो असताना, दाराकडे पाठ करून त्यांनी विचारलं, "त्या होडीचं कुठे विचारलंस का?"

मी नाही म्हटलं.

"मग विचार."

म्हणून मी गेले दोन रविवार खाडीपलीकडे जातोय. वसईच्या बाजूनं वर वर, किनाऱ्याच्या एकेका गावात. काय विचारायचं तेच आधी समजत नव्हतं. पहिल्या रविवारी लोकांनी मला जाळी विकणारा समजून हाकललं. काल एका गावात म्हातारा कोळी होडीच्या सावलीत जाळं विणत बसला होता. मी साल सांगितलं, महिना सांगितला, तिघांची होडी, दोघं परत आली असतील, असं सांगितलं. तो विणायचा थांबला. म्हणाला, "तुझं कोन व्हतं त्या होडीत?"

मी म्हटलं, "होडीत माझं कुणी नव्हतं. मी जहाजावर होतो. दिवा मी चुकीचा सांगितला."

त्यानं मला खालीवर बघितलं. मला वाटलं आता मारेल, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं मारलं नाही. म्हणाला, "तीच होडी का ते मला न्हाय माहीत. त्या सुमारास इथली एक होडी आली, दोघं घेऊन. तिसऱ्याची बायको हाय अजून. वरच्या आळीला ऱ्हाते." जाळं बाजूला ठेवून, गुडघ्यावर हात टेकून तो उठला. "घर दाखवू?"

ताई, मी हो म्हणालो.